दोनदा हॉर्न

"सोमवारी लाइन बंद होतेय, बाबा. सांगितलंय ना मी तुम्हाला?"

अतुल तर्पणाचा रेशमी कद नेसूनच हॉलमधल्या लहान टेबलाखाली वाकला होता आणि फोनची वायर भिंतीत कुठे शिरते ते बघत होता. आईच्या अविधवा नवमीचं तर्पण त्याने नुकतंच केलं होतं. वर्षश्राद्ध झाल्यानंतरची ही पहिलीच नवमी, म्हणून तो बायको-मुलीला घेऊन टेक्सासमधल्या शुगर लँडहून आला होता. गुरुजी दक्षिणा घेऊन गेलेही. रविवारी दुपारी त्यांची डेटा सेंटरमध्ये शिफ्ट असायची.

"सांगितलंस," सुमंतराव म्हणाले.

"आन्सरिंग मशीन कालच काढलंय. डोनेशनच्या खोक्यात टाकलंय. फोन तुम्ही राहू दे म्हणालात म्हणून ठेवला."

"राहू दे आजचा दिवस."

"आणि बुधवारी घर विकत घ्यायचं म्हणून त्या बाई बघायला येतायत. तेव्हा प्लीज त्यांना मंडळाचे फोटो दाखवत बसू नका."

सुमंतराव खिडकीबाहेर बघत राहिले. डेकच्या कठड्यावर ठेवलेला घास कावळ्याऐवजी खारीने नेला होता. झाडांच्या पलीकडे नवं डेटा सेंटर उभं राहिल्यापासून ॲशबर्नच्या या घरात एक बारीक घुमणं सतत ऐकू यायचं. दार लावा, खिडक्या लावा, ते जात नसे. त्यांची बायको मृणालिनी शेवटच्या आजारात म्हणायची, "कुणीतरी पलीकडे रिसीव्हर धरून बसलंय आणि बोलत नाहीये, तसा आवाज आहे हा." तेव्हा त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. ती गेल्यावर तो आवाज आला की त्यांना खरोखरच फोन उचलून बघावासा वाटे. एकदोनदा उचललाही होता.

अध्यक्ष ते होते. मंडळाचे तीनदा अध्यक्ष झाले, गणपतीत भाषणं केली, पाहुण्यांना शाली घातल्या. फोन मात्र अध्यक्षांच्या बायकोला यायचे.

त्याची सुरुवात स्टेट कॉलेज या गावी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्यापासून झाली. त्याचे वडील तिकडे सांगलीला वारले. फोन आला तेव्हा अपार्टमेंटमध्ये दुसरं कुणी नव्हतं. सुट्टी होती, रूममेट आपापल्या गावी गेलेले. ते परत आले तेव्हा तो फोनपाशीच बसलेला होता. खाल्लेलं नाही, दिवा लावलेला नाही. मृणालिनीला हे कळलं तेव्हा ती पातेलंभर पिठलं आणि भात घेऊन बर्फातून गाडी चालवत गेली. आपल्याकडे ज्या घरात माणूस जातं तिथे शेजारीपाजारी पिठलं-भात आणून देतात, कडू घास भरवतात. इथे शेजारी कुठले? परत आल्यावर ती म्हणाली, "हे असं फोनवर कळता कामा नये कुणाला. समोर माणूस पाहिजे."

त्यानंतर ती भारतात गेली की ज्यांची मुलं इकडे आहेत अशा आईवडिलांना भेटे आणि घरचा नंबर देऊन येई. "काही झालं तर आधी मला सांगा. मुलांना मी सांगते." नागपूर, सांगली, ठाणे, कुठे कुठे तो नंबर कपाटांच्या दारांना चिकटवलेला होता. तिकडून फोन आला की ती एकच वाक्य बोलायची, "मी बघते." मग पिठलं करायची, पातेलं पदराखाली घेऊन त्या घरी जायची आणि बेल वाजवायची.

लोकांनी तिचे पाय धरले, आणि तिला घाबरायलाही लागले. अध्यक्षीणबाई दारात दिसल्या की बायका दार उघडायला कचरायच्या. एका डोहाळजेवणाला तिला कुणीतरी हळूच सुचवलं होतं की काकू, तुम्ही जरा उशिरा आलात तरी चालेल.  तेव्हापासून ती नुसतीच कुणाकडे गेली तर ड्राइव्हवेमध्ये दोनदा हॉर्न वाजवायची. दोनदा हॉर्न म्हणजे काही नाही, चहा टाका. हॉर्न न वाजता बेल वाजली तर घरातली माणसं आधी एकमेकांकडे बघायची आणि मग दार उघडायची.

ती गेल्यावर फोन कमी झाले. जे आले त्यांना सुमंतराव "ती नाही आता" एवढंच सांगत. पलीकडचा माणूस अडखळे, क्षमा मागे आणि फोन ठेवून देई. मग ती बातमी त्या घरी कशी पोचली असेल, कोण तिथे एकटं असेल, हा विचार त्यांनी कधी पुरता केला नव्हता.

स्वयंपाकघरात सुमेधा, त्यांची सून, वडे तळत होती. मागच्या शेगडीवर मृणालिनीचं पातेलं होतं. जर्मनचं, एका बाजूला पोचा आलेलं. आत पिठलं रटरटत होतं. सुमंतराव दारातच थांबले. नवमीच्या स्वयंपाकात पिठलं नसतं. आणि ते पातेलं तर त्यांनी स्वतः गराजच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवलं होतं, डोळ्यांसमोर नको म्हणून.

सुनेने काढलं असेल, त्यांना वाटलं. आईंना आवडायचं म्हणून केलं असेल.

"छान केलंस," ते म्हणाले.

सुमेधाने झारा हातात धरून मागे पाहिलं. तिला काहीतरी विचारायचं होतं, पण तेवढ्यात बेल वाजली.

सवाष्ण म्हणून नैनाला बोलावलं होतं. नैना म्हणजे मंडळाचा आत्ताचा अध्यक्ष विष्णू, त्याची बायको. डेटा सेंटरमध्ये ऑन-कॉल असणारी, मोजकं बोलणारी बाई. विष्णू अध्यक्ष झाला तेव्हा मंडळात कुणीतरी म्हणालं होतं की मृणालिनीचा, म्हणजे खांबेटेकाकूंचा, तो फोन आता नैनाकडे वळवून घ्यावा. ती तिथल्या तिथे म्हणाली होती, "प्रेसिडेंट विष्णू आहे. मला कुणी दारात बघून घाबरावं असं मला नकोय." सुमंतरावांना ते लागलं होतं. तिलाच बोलवायचं हे सुमेधाने ठरवलं तेव्हा अतुल म्हणाला होता, "अख्ख्या ॲशबर्नमध्ये दुसरी मॅरिड बाई नाही का?" सुमेधा म्हणाली होती, "आहेत. पण आईंच्या खुर्चीवर बसायला अध्यक्षाचीच बायको पाहिजे."

"काका, सॉरी, उशीर झाला," विष्णू बूट काढत म्हणाला. "हिचा पेजर. कूलिंग बंद पडलं होतं कुठलंतरी."

"अध्यक्षांनी उशिराच यायचं असतं," सुमंतराव म्हणाले. "मी कधी वेळेवर गेलो नाही."

"तुम्हाला भाषण पाठ असायचं, काका. मला अजून कागद लागतो."

"मला पण कागद लागायचा. लिहून ती द्यायची."

विष्णू हसला. नैना हसली नाही. तिने हॉलमधल्या फोनकडे पाहिलं, मग खोक्यातल्या मशीनकडे. "काढताय?"

"सोमवारी," अतुल म्हणाला. "स्पॅम कॉल्सशिवाय काही येत नाही आता."

"हं," ती म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती की आणखी काही, ते सुमंतरावांना कळलं नाही.

टेबलाच्या खिडकीकडच्या, मृणालिनीच्या खुर्चीपुढे नात आन्याने रांगोळी काढली होती. यूट्यूबवर बघून काढलेली, त्यामुळे थोडी दिवाळीची वाटत होती. नैनाला तिथे बसवलं. सुमेधाने तिला हळदकुंकू लावलं, गजरा दिला. विष्णू आणि अतुल बाजूला बसले. खीर वाढली, वडे आले. नैनाने न सांगता मिठाची वाटी उचलून पानाच्या उजव्या हाताला ठेवली. मृणालिनी डावखुरी होती आणि मीठ नेहमी उजवीकडे ढकलायची. तिच्या सासूने त्यावरून तिला कधीकाळी बोल लावले होते. सुमंतरावांनी ते पाहिलं आणि नजर वळवली. लोक मीठ कुठेही ठेवतात.

नैना पहिला घास घेणार एवढ्यात फोन वाजला.

"स्पॅम," अतुल म्हणाला. "जेवा तुम्ही."

फोन वाजत राहिला. सुमंतराव उठले. रिसीव्हर उचलला तेव्हा आधी ते घुमणंच ऐकू आलं, मग त्यातून एका पुरुषाचा आवाज.

"काका का? मी नागपूरहून देवांग. नैनाचा भाऊ. काकूंना देता का जरा?"

सुमंतरावांनी तोंड उघडलं. ती नाही आता, एवढंच म्हणायचं होतं.

"मघाशी त्यांच्याशी बोललो मी," देवांग म्हणाला. त्याला दम लागला होता. "बाबांना आयसीयूत हलवलं तेव्हा. तुमच्याकडे सकाळ असेल. त्या म्हणाल्या, मी बघते. काका, बाबा गेले. आत्ताच. काकूंना सांगाल ना?"

सुमंतरावांनी टेबलाकडे पाठ केली.

"कुणाशी बोललास तू?"

"काकूंशीच. लाइन खराब होती, पण त्यांनी मला लगेच ओळखलं."

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणाल्या, नैना आमच्याकडे जेवायला येतेय. पोटभर जेवू दे, मग मी बघते." तो थांबला. "ती आहे का तिथे? मी तिला फोन करत नाही, काका. बाबांनी सांगूनच ठेवलं होतं की असं काही झालं तर आधी त्या नंबरवर. तिला एकटीला कळू देऊ नका म्हणून."

आज नैना इकडे जेवायला येणार हे नागपूरला कुणी सांगितलं असेल, हे सुमंतरावांना विचारायचं होतं. विचारवलं नाही. त्यांच्या तोंडून भलतंच निघालं.

"बघतो आम्ही," ते म्हणाले.

रिसीव्हर ठेवून ते वळले. टेबलावरून विष्णूने भुवया उंचावून विचारलं. सुमंतराव म्हणाले, "विमेवाले," आणि सुमेधाकडे बघून गराजकडे मान वळवली.

गराज ही घरातली एकच जागा जिथून बोलणं टेबलापर्यंत जात नसे. मृणालिनीची जुनी निळी गाडी तिथे आच्छादनाखाली उभी होती. ती गेल्यापासून कुणी चालवली नव्हती. बॅटरी केव्हाच उतरली होती. अतुल मागोमाग आला.

सुमंतरावांनी सांगितलं तेव्हा सुमेधाने दार लावून घेतलं. अतुल मात्र आधी एकच गोष्ट धरून बसला.

"आईशी बोलला? असं कसं बोलेल? ते मशीन असेल. त्यावर तिचा आवाज होता ना, 'मी बघते' म्हणणारा. तो टेन्शनमध्ये होता, त्याला कळलं नसेल."

"मशीन तू काल काढलंस," सुमेधा म्हणाली.

 अतुलने दार किलकिलं करून आन्याला हाक मारली. ती आली, हातात पापड.

"सकाळी लँडलाइन तू उचललीस का?"

"मी? आय डोंट इव्हन नो हाऊ." तिने तिघांचे चेहरे पाहिले. "का? फोन वाजलाच नाही सकाळी. मी हॉलमध्येच झोपले होते, सोफ्यावर."

"जा. पुरण वाढ त्यांना. आणि चेहरा नीट ठेव," सुमेधा म्हणाली.

आन्या गेली. भिंतीतून ते घुमणं येतच होतं.

"ठीक आहे," अतुल म्हणाला. "ते नंतर बघू. आधी तिला सांगायला हवं. आत्ता. तिचे वडील गेलेत आणि आपण तिला वडे वाढतोय, हे बरोबर नाही. आय वुड नेव्हर फरगिव्ह."

"सवाष्णीला पानावरून उठवायचं नसतं," सुमेधा म्हणाली.

"तू कधीपासून हे मानायला लागलीस? विमानात तूच म्हणालीस ना, बाबांसाठी करतोय आपण हे."

"म्हणाले. पण ती आत्ता उठली की दोन दिवस अन्नाचा कण घेणार नाही. नागपूरचं तिकीट, डलस विमानतळावर गर्दी, अठरा तासांचा प्रवास. जेवू दे तिला. आईंनी हेच केलं असतं."

"मग निदान विष्णूला सांगू. त्याचा हक्क आहे."

"नाही," सुमंतराव म्हणाले. दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. "नवऱ्याला आधी सांगायचं नाही. त्याच्या तोंडावरून तिला कळतं आणि मग ती बातमी कुणीच सांगितलेली नसते. असं ती म्हणायची."

"मग ओटी?" अतुल म्हणाला. "तीही भरायची? सुतकात?"

"कळेपर्यंत सुतक नसतं," सुमेधा म्हणाली. "हेही त्यांचंच."

अतुलने कपाळावरून हात फिरवला. त्याने आईची एवढी वाक्यं कधी ऐकली नव्हती. ती शाळेतून त्याला आणायला उशिरा यायची तेव्हा गाडीत पिठल्याचा वास असायचा, हे मात्र त्याला आठवत होतं.

"बरं आहे पिठलं केलंयस तू," तो बायकोला म्हणाला. "निदान तेवढं तरी."

"मी तेच विचारणार होते मघाशी," सुमेधा सुमंतरावांकडे वळली. "बाबा, तुम्ही काढून ठेवलं होतंत ना सगळं? मी सकाळी खाली आले तेव्हा पातेलं शेगडीवर होतं. बाजूला बेसन चाळलेलं, कढीपत्ता, मिरच्या चिरलेल्या. मला वाटलं तुम्हाला नैवेद्यात हवंय, म्हणून केलं."

सुमंतरावांनी वर पाहिलं. फळीवर पातेलं नव्हतं. जिथे होतं तिथे धुळीत एक स्वच्छ गोल उरला होता. त्या फळीला हात पुरायला शिडी लागायची, आणि शिडी गाडीच्या मागे होती, खोक्यांनी अडवलेली.

"अतुल?" सुमेधाने विचारलं.

अतुलने नुसती मान हलवली.

सुमंतरावांनी गाडीवरच्या आच्छादनाला हात लावला. कापड थंड होतं. त्यांना भीती वाटत होती, पण ती मृणालिनीची नव्हती. आता बाहेर जाऊन त्या पोरीच्या शेजारी बसायचं होतं. हजारो लोकांसमोर ते बोलले होते, आणि त्यांना एक वाक्य सुचत नव्हतं.

"मी सांगतो," ते म्हणाले. "तुम्ही चला आत."

नैनाने पोटभर जेवण केलं. पुरण दुसऱ्यांदा मागून घेतलं. "घरी कोण करतं एवढं," ती म्हणाली. "बाबांना फार आवडतं पुरण. त्यांना शुगर, त्यामुळे आई एक चमचा देते आणि ते भांडतात." सुमेधाच्या हातातली वाटी कलंडली. अतुल पाणी आणायला उठला आणि बराच वेळ आलाच नाही. विष्णू मंडळाच्या हॉलच्या भाड्याबद्दल बोलत होता आणि सुमंतराव हं हं म्हणत होते.

मग सुमेधाने ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, आणि मृणालिनीच्या आवडीच्या रंगाची साडी. नैना वाकून नमस्कार करायला आली तेव्हा सुमंतरावांनी तिला तशीच धरून सोफ्यावर बसवलं आणि तिच्या डाव्या बाजूला बसले. तिचं मनगट हातात घेतलं. मृणालिनी असंच बसायची. कुणीतरी एकदा सांगितलं होतं त्यांना.

नैना त्यांच्या हाताकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात सुमेधा उभी होती. तिच्या हातात ते पातेलं होतं, झाकण लावलेलं.

"कोण?" नैनाने विचारलं.

"मी आहे इथे," सुमंतराव म्हणाले. आवाज नीट निघाला. "तुझे बाबा गेले, बाळ."

विष्णू उभा राहिला, पुन्हा बसला. नैना रडली नाही. मांडीवरचे ओटीचे तांदूळ तिने मुठीत घट्ट धरले. मग ती म्हणाली, "देवांगने इथे फोन केला?"

"हो."

"मी त्याला सांगितलंच नव्हतं. काकू गेल्याचं. घरी कुणालाच नाही." ती अजून मनगटाकडेच बघत होती. "बाबा दर रविवारी विचारायचे, तुझ्या काकू बऱ्या आहेत ना? आणि मी म्हणायचे, आहेत, छान आहेत. तो नंबर कपाटाला होता म्हणून त्यांना झोप लागायची. मी मीटिंगमध्ये नाही म्हटलं, तुम्हाला वाईट वाटलं, मला माहितीये. पण मला कसं जमणार होतं, काका? मी तर एका माणसाला एवढंसुद्धा सांगू शकले नाही."

सुमंतरावांनी तिचं मनगट सोडलं नाही. सुमेधाने झाकण काढलं, पिठल्यात भात कालवला आणि तिला भरवायला हात पुढे केला. नैनाने तोंड उघडलं, लहान मुलासारखं.

ते तिला घरी सोडायला गेले. विष्णूला गाडी चालवू द्यायची नव्हती, म्हणून अतुलने त्यांची गाडी घेतली. सुमंतराव आपल्या गाडीतून मागोमाग गेले, पातेलं शेजारच्या सीटवर, पट्टा लावून. नैनाच्या टाउनहाउससमोर ते पातेलं घेऊन उतरले तेव्हा पलीकडच्या दारात एक ओळखीची बाई झाडांना पाणी घालत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, हातातल्या पातेल्याकडे पाहिलं, आणि पाइप तसाच वाहता ठेवून उभी राहिली. सुमंतरावांनी मानेनेच सांगितलं, तुझ्याकडे नाही. मग त्यांना उमगलं की ही मान हलवणं मृणालिनीने आयुष्यभर केलं असेल, रोज, आणि घरी येऊन एकदाही सांगितलं नसेल.

तिकीट काढून, बॅग भरून, नैनाच्या दोन मैत्रिणी आल्यावर ते निघाले. अतुल तिथेच थांबला. विमानतळावर तोच नेणार होता. निघताना तो गाडीच्या खिडकीशी आला.

"सोमवारचं कॅन्सल करतो," तो म्हणाला. "आणि ते मशीन परत लावतो."

"मशीन नको," सुमंतराव म्हणाले. "मी उचलेन."

"आणि शुगर लँडला आमच्याकडे राहायला यायचं?"

"बघू."

अतुलने हुज्जत घातली नाही. खिडकीच्या काठावर दोन बोटं वाजवली आणि आत गेला.

ऊन अजून होतं. घराच्या ड्राइव्हवेमध्ये गाडी थांबवून सुमंतराव बसून राहिले. आत सुमेधा आणि आन्या दोघीच होत्या, दिवसभर भेदरलेल्या. नुसती बेल वाजवली तर दचकतील. त्यांनी हॉर्नवर हात ठेवला आणि दोनदा वाजवला.

दार उघडायला जरा वेळ लागला. आन्या बाहेर आली, पायांत मोजे.

"आजोबा, पुन्हा का वाजवला?"

"पुन्हा म्हणजे?"

"मघाशी वाजवलात ना दोनदा. मॉमने चहा टाकला. मी दार उघडलं तर ड्राइव्हवे रिकामा. मला वाटलं तुम्ही कॉर्नरला वळून आलात." तिने बंद गराजकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आतूनच आल्यासारखा वाटला. इज दॅट पॉसिबल?"

सुमंतरावांनी गराजच्या दाराकडे पाहिलं. मग नातीच्या खांद्यावर हात ठेवला. 

"दोनदा वाजला ना?"

"हो."

"मग काही नाही. चहा घेऊ चल."

आत चहाचा वास होता. सुमेधाने कप मांडले होते आणि एक कप जास्त झाला होता. तिने तो उचलला नाही, त्यांनीही उचलायला सांगितलं नाही. ते बसणार एवढ्यात हॉलमधला फोन वाजला. सुमेधाचा हात बशीवरच थांबला.

सुमंतराव गेले. आधी ते घुमणं आलं. मग देवांगचा आवाज, आता बसलेला, थकलेला.

"काका, तिने खाल्लं का काही?"

"पोटभर जेवली. मग पिठलं-भाताचे दोन घास. माणसं आहेत तिच्यापाशी. उद्या पोचेल तिथे."

पलीकडे तो रडला. सुमंतराव रिसीव्हर धरून थांबले. घाई नव्हती.

"काका," देवांग शेवटी म्हणाला, "काकूंना सांगा, फार आधार झाला त्यांचा."

सुमंतरावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. खिडकीकडच्या खुर्चीपुढच्या त्या कपातून अजून वाफ येत होती.

"सांगतो," ते म्हणाले.